अनोळखी नदीत मासा कोठे शोधावा?

मासा पाण्यात राहतो हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या पाण्यात तो नेमका कोठे राहतो, हे पुष्कळ जाणत्या माणसांनाही सांगता येत नाही. आपल्या परिचयाचे तळे किंवा ओढा असेल, तर प्रश्न फारसा अवघड नसतो. कोणत्या कपारीत मरळ दबा धरून बसतो, कोणत्या वळणावर रोहू लागतो, हे वडीलधाऱ्यांकडून आपोआप कळत जाते. पण हेच आपण एखाद्या दूरच्या मुलखात, उत्तरेस हिमालयाच्या पायथ्याशी गेलो, तर? तेथील नदी वेगळी, पाणी वेगळे, मासेही वेगळे. अशा वेळी दिवसभर गळ टाकून रिकाम्या हाताने परतणारे प्रवासी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. दैवाला बोल लावून ते मोकळे होतात. वस्तुतः दोष दैवाचा नसून त्यांनी नदी वाचलेली नसते, हाच असतो.

नदी वाचणे ही एक विद्या आहे, आणि ती थोड्या अभ्यासाने कोणालाही साध्य होण्यासारखी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हैदराबादेहून उत्तरेकडे सहलीस जाणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्यांतील ज्या मुलांना नदीकाठी हाती काठी घेऊन बसण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहो. हौस निर्दोष आहे. परंतु ती माहितीवाचून केली, तर माशाच्याच नव्हे, माणसाच्याही जिवावर बेतते. तो भाग आम्ही पुढे विस्ताराने सांगणार आहो.

प्रथम आपल्या नद्यांत आणि हिमालयातील नद्यांत मूळचा फरक काय, तो ध्यानात घेतला पाहिजे. गोदावरी, मांजरा, मुसी या आपल्या नद्या पावसाच्या पाण्यावर जगतात. आषाढ-श्रावणात त्या दुथडी भरून वाहतात आणि वैशाखात त्यांच्या पात्रातील डोह तेवढे शिल्लक राहतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी निवळ आणि मासा डोहात, असा आपला अनुभव. हिमालयातील मोठ्या नद्यांचे पंचांग मात्र निराळे आहे. भागीरथी, अलकनंदा, बियास, काली या नद्यांना पावसाखेरीज बर्फाचेही पाणी मिळते. ऊन तापू लागले की वरचे बर्फ वितळते. मग आपल्याकडे नद्या आटलेल्या असताना, मे-जून महिन्यांत, त्या नद्या फुगतात आणि हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या पिठाने राखाडी होतात. अशा गढूळ व थंडगार पाण्यात माशाला आमिष दिसत नाही आणि त्याची भूकही मंदावते. म्हणजे आपल्या सुट्टीचा काळ हा नेमका त्या नद्यांचा वाईट काळ होय. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, आणि पावसाळा सरल्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यांचे पाणी स्वच्छ हिरवे असते.

मग उन्हाळ्यात जाणाऱ्याने निराश व्हावे काय? मुळीच नाही. हिमालयात सर्वच नद्या बर्फातून निघत नाहीत. मधल्या डोंगररांगांतील झऱ्यांवर व पावसावर पोसलेल्या नद्याही तेथे आहेत, आणि त्या उन्हाळ्यात आरशासारख्या स्वच्छ असतात. गढवालातील नयार ही अशीच नदी. पूर्व नयार आणि पश्चिम नयार असे तिचे दोन फाटे दूधातोलीच्या रांगेतून निघतात, सतपुलीजवळ एकत्र येतात आणि पुढे व्यासघाट येथे गंगेस मिळतात. कुमाऊंतील सरयू हीही अशीच. ती पंचेश्वर येथे नेपाळच्या सीमेवर कालीला मिळते. अशा संगमावर उभे राहिले, तर एका बाजूने राखाडी व दुसऱ्या बाजूने निवळ असे दोन प्रवाह काही अंतर शेजारी शेजारी वाहताना स्पष्ट दिसतात. त्या दोहोंमधील सीमारेषा हीच मासेमाराची पहिली खूण. गढूळ पाण्याच्या आडोशास राहून स्वच्छ पाण्यातून वाहत येणारे खाद्य टिपणे माशाला तेथे सोयीचे पडते.

आता मासा कोणता, हेही समजून घेऊ. हिमालयातील पाण्यात उंचीप्रमाणे, अर्थात् थंडीप्रमाणे, माशांचे जणू मजले पडलेले आहेत. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात ०° सेल्सियसला सुमारे १४.६ मिलिग्रॅम, २०° ला सुमारे ९.१ मिलिग्रॅम आणि ३०° ला सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ज्या माशाला प्राणवायू भरपूर लागतो, तो वरच्या थंड पाण्यात राहतो. ट्राउट हा त्यांतील प्रमुख. तो मूळचा आपल्या देशातला नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी त्याची अंडी परदेशातून आणून काश्मीर व कुलू येथील प्रवाहांत त्याची वसाहत केली. साधारण १०° ते १८° उष्णतामानाचे पाणी त्याला मानवते. पाणी २०° च्या वर गेले की तो अस्वस्थ होतो. हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदी ट्राउटसाठी प्रसिद्ध आहे.

दुसरा मासा असेला. इंग्रजीत त्याला बर्फाळ पाण्यातील ट्राउट म्हणतात, परंतु तो ट्राउटच्या जातीचा नसून आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. त्याचे तोंड खालच्या बाजूस असते आणि दगडावरील शेवाळ खरवडून खाणे हा त्याचा उद्योग. तिसरा आणि सर्वांत मानाचा मासा म्हणजे सुवर्ण महसीर. हाही रोहूच्याच कुळातला. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन याने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मोठे सोनेरी खवले, जाड ओठ, मिशांच्या दोन जोड्या, आणि जबड्यात दात नसून घशात दात, ही त्याची लक्षणे. त्याला ट्राउटपेक्षा किंचित् उबदार पाणी आवडते, म्हणून तो पायथ्याजवळच्या मोठ्या नद्यांत आढळतो. या माशाचा एक भाऊबंद आपल्या दख्खनमध्येही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याकडील नदीतील महसीराचे वर्णन केले आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा शब्द घातला.

पावसाळ्याच्या आरंभी ओढ्यांतून वर चढणारे ‘चढणीचे मासे’ आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. महसीरही असाच चढतो. मोठी नदी थंड व गढूळ असताना तो नयारसारख्या उपनदीत शिरतो, बारीक खडीच्या उथळ जागी अंडी घालतो आणि पाणी ओसरू लागले की पुन्हा मोठ्या नदीत उतरतो. यावरून संगमाचे महत्त्व दुसऱ्या दृष्टीनेही कळून येईल. संगम म्हणजे माशाच्या घराचा उंबरठा होय.

इतकी पूर्वतयारी झाली म्हणजे नकाशा उघडावा. डेहराडून येथे मुख्य कचेरी असलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे या कामी उत्तम. १:५०,००० या प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यांतील तपकिरी समोच्चरेषा नदीला जेथे जवळजवळ छेदतात, तेथे उतार तीव्र आणि पाणी खळाळते. जेथे त्या विरळ होतात, तेथे पाणी संथ होऊन डोह होण्याचा संभव अधिक. तीव्र उतार संपून सपाटी लागते ती जागा पेन्सिलीने खुणावी. तशीच प्रत्येक संगमाची व तीव्र वळणाची जागा खुणावी. नदीच्या वळणात बाहेरचा काठ पाण्याने कोरला जातो, म्हणून तेथे खोली असते. आतल्या काठाशी वाळू साचते, म्हणून तेथे उथळ असते. घरी बसल्या बसल्या एवढे केले, तर वीस किलोमीटरच्या नदीतील पाहण्याजोग्या आठ-दहा जागा हाती लागतात, आणि निम्मी पायपीट वाचते. नकाशावर धरण दिसले, तर त्याच्या खालच्या बाजूस तांबड्या शाईने मोठी खूण करावी. तिचे कारण पुढे येईल.

प्रत्यक्ष नदीकाठी पोहोचल्यावर लगेच गळ टाकू नये. अर्धा तास नुसते पाहावे. मासा कोठे असेल हे ठरविण्यासाठी एकच प्रश्न मनाशी विचारावा : कमीत कमी श्रमात जास्तीत जास्त खाणे कोठे मिळेल? मासा वरच्या दिशेस तोंड करून राहतो, कारण खाद्य वरून वाहत येते आणि कल्ल्यांतून पाणी जाणेही सोपे होते. पण भर धारेत दिवसभर पोहत राहणे त्याला परवडत नाही. म्हणून तो धारेत नव्हे, धारेच्या शेजारी राहतो. मोठ्या शिळेच्या मागे पाणी शांत असते, आणि शिळेच्या पुढच्या अंगासही पाण्याची एक उशी तयार होते. या दोन्ही जागा त्याच्या आवडीच्या. तळाशी दगडगोट्यांच्या घर्षणामुळे प्रवाहाचा वेग पृष्ठभागापेक्षा कमी असतो, म्हणून वर पाणी धावताना दिसले तरी खाली मासा स्वस्थ असू शकतो. खळाळ जेथे डोहात उतरतो ते डोहाचे तोंड, आणि डोह संपून पाणी पुन्हा उथळ होऊ लागते ते डोहाचे शेपूट, या दोन्ही जागा विशेष पाहाव्यात. तोंडाशी प्राणवायू व खाद्य भरपूर. शेपटाशी सकाळ-संध्याकाळ मासे चरावयास येतात. भर दुपारी ते डोहाच्या खोल भागात किंवा कोरलेल्या काठाच्या सावलीत जातात.

पाण्यावरील फेसाकडे नीट लक्ष द्यावे. फेस, वाळलेली पाने, बुडालेले किडे हे सारे एकाच वाटेने वाहत असतात. फेसाची रेघ हीच माशाच्या ताटाची रेघ. ज्या ठिकाणी ती रेघ भोवऱ्यात फिरून पुन्हा काठाशी येते, तेथे गळ टाकण्यास हरकत नाही. यानंतर काठावरचे उथळ पाण्यातील दोन-चार दगड उलटून पाहावेत. त्यांच्या खालच्या अंगास चपट्या अळ्या, किंवा वाळूच्या कणांची नळी करून तीत राहणारे किडे दिसले, तर पाणी निरोगी आहे व माशाला अन्न आहे, असे समजावे. दगड पाहून झाल्यावर ते होते तसे ठेवावेत. ती कोणाची तरी घरे आहेत. शेवाळलेल्या शिळांवर खरवडल्याच्या ताज्या खुणा दिसल्या, तर असेला जवळच आहे. पाणकावळा एकाच डोहात वारंवार बुडी मारीत असेल, खंड्या एकाच फांदीवर येऊन बसत असेल, किंवा वाळूत पाणमांजराचे ठसे असतील, तर त्यांच्याइतका विश्वासू वाटाड्या मिळणार नाही. ते पोटासाठी मासेमारी करतात, हौसेसाठी नव्हे. त्यांचे अनुमान सहसा चुकत नाही.

आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, आणि काठावर पाय आपटू नयेत. माशाला कानाची पाळी नसली, तरी पाण्यातील अत्यंत सूक्ष्म हालचाल जाणणारी एक रेषा त्याच्या दोन्ही कुशींवर असते. काठावर धावणाऱ्या मुलाची वर्दी त्याला मुलगा पोहोचण्यापूर्वीच मिळते.

परंतु नकाशा, फेस आणि पक्षी या सर्वांहून मोठा ज्ञानाचा साठा म्हणजे तेथील माणूस. डोंगरातील ओढ्यांवर ‘घराट’ नावाच्या पाणचक्क्या असतात. जात्याचे काम पाण्याच्या वेगावर चालते, म्हणून घराटवाल्याला ओढ्याचे पाणी रोज किती व केव्हा चढते-उतरते याची बिनचूक माहिती असते. गढवालात थोरल्या माणसाला ‘भैजी’ आणि कुमाऊंत ‘दाज्यू’ म्हणून हाक मारतात. त्या हाकेने बोलणे सुरू करावे. आम्हांस असा अनुभव आहे की, ‘मासे कोठे मिळतील?’ या प्रश्नाला अनोळखी माणूस क्वचितच खरे उत्तर देतो. पण ‘पाणी केव्हा चढते? कोणत्या डोहात उतरू नये?’ असे विचारले, तर तो स्वतः चालत येऊन डोह दाखवितो. जिवाची काळजी घेणाऱ्या पाहुण्यावर लोकांचा विश्वास बसतो. कोणता डोह देवाचा आहे, हेही त्यालाच विचारावे. बैजनाथच्या देवळाजवळील गोमती नदीत महसीर निर्भयपणे फिरतात, कारण तेथे त्यांना कोणी मारीत नाही. देवळापाशी राखलेल्या डोहांची ही चाल आपल्याकडेही आहे. अशा जागी मासे पाहावेत, पकडू नयेत.

कायद्याचे बंधनही तितकेच महत्त्वाचे. हिमाचल प्रदेशात मासेमारीसाठी मत्स्य खात्याचा परवाना लागतो. ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर त्याची मासेमारी बंद असते. महसीर व इतर मासे पावसाळ्यात अंडी घालतात, म्हणून त्या दिवसांत खालच्या नद्यांत बंदी असते. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर गळ बाहेरही काढू नये. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष मिसळून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच मनाई केली होती; तरी तसे करणारे लोक आजही आढळतात. एका स्फोटाने डोहातील मोठ्या माशांबरोबर बोटाएवढी पिल्लेही मरतात, आणि तो डोह पुढे कित्येक वर्षे ओसाड राहतो. सुवर्ण महसीर आज जगातील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. धरणांनी त्याची चढणीची वाट अडविली, वाळू-खडी उपशाने त्याची अंडी घालण्याची जागा नेली. म्हणून महसीर गळाला लागलाच, तर तो पाण्यातल्या पाण्यात सोडवावा. त्यासाठी गळ उलट काट्याचा नसावा, हात ओले असावेत, कल्ल्यांत बोटे घालू नयेत, आणि मासा स्वतःच्या बळाने निघून जाईपर्यंत त्याचे तोंड प्रवाहाकडे धरून ठेवावे. आपल्या लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकापासून महसीराची पैदास करून पिल्ले नद्या-तलावांत सोडण्याचे काम चालविले. एक मासा वाढविण्यास किती खटपट पडते, हे तेथील कामावरून कळते.

आता नकाशावरील त्या तांबड्या खुणेकडे वळू. तिच्याविषयी आम्ही लिहिले नसते, तर या लेखाला काही अर्थ उरला नसता. ८ जून २०१४ या दिवशी संध्याकाळी आपल्या हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीवर असताना हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात थलोटजवळ बियास नदीच्या पात्रात उतरले. पाणी उथळ होते, खडक कोरडे होते, आणि ते छायाचित्रे काढीत होते. वरच्या लारजी धरणातून सोडलेले पाणी अकस्मात् आले आणि २४ विद्यार्थी व त्यांच्यासमवेत असलेले एक सहल-सहायक वाहून गेले. या शहरातील पुष्कळ घरांना तो दिवस अद्याप विसरता आलेला नाही. ती मुले बेफाम नव्हती. आपल्या गावी कोरडा खडक म्हणजे सुरक्षित खडक, एवढाच त्यांचा अनुभव होता. ज्या नदीवर धरण आहे, तिच्यात मात्र कोरडा खडक काही मिनिटांत पाण्याखाली जातो. आकाशात ढग नसताना, भर उन्हाळ्यात, पूर येतो. विजेची मागणी संध्याकाळी वाढते आणि त्या वेळी पाणी अधिक सोडले जाते. आणि हीच वेळ मासे चरावयास येण्याची, म्हणजे गळ टाकणाऱ्याच्या मोहाची असते.

म्हणून काही नियम पाठच करावेत. धरणाच्या खालच्या अंगास पात्राच्या मधल्या खडकावर कधीही जाऊ नये; काठावरूनच गळ टाकावा. काठावरही आपल्या पाठीशी वर चढण्याची वाट आहे की नाही, हे बसण्यापूर्वी पाहावे. पाण्याच्या कडेला एक खडा ठेवावा आणि दर पाच मिनिटांनी त्याकडे पाहावे. खडा बुडू लागला, तर गळ, पिशवी, मासा सारे टाकून वर चढावे. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, त्यावर काटक्या व पाने दाट वाहू लागली, किंवा वरून गडगडाटासारखा आवाज आला, तर कारण शोधीत बसू नये. भोंगा वाजला नाही म्हणजे पाणी येणार नाही, असे समजू नये. एकट्याने जाऊ नये, आणि पोहता येते या भरवशावर राहू नये. बर्फाच्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय थोड्याच वेळात बधिर होतात.

आपल्या शहराला ही गोष्ट नवी नसावी. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीने हैदराबादेत जो प्रलय केला, त्यानंतरच तिच्यावर उस्मानसागर आणि इसीवर हिमायतसागर ही धरणे बांधण्यात आली. नदी ही शांत दिसते तेव्हाही नदीच असते, हा धडा आपल्या पूर्वजांनी मोठी किंमत देऊन घेतला होता.

विद्यार्थिमित्रहो, वर सांगितलेली विद्या शिकण्यासाठी हिमालयापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. येत्या रविवारी घरातील मोठ्या माणसांबरोबर जवळच्या तळ्यावर किंवा ओढ्यावर जा. बरोबर गळ नको, वही असू द्या. फेसाची रेघ कोठून जाते, खंड्या कोणत्या फांदीवर बसतो, दगडाखाली काय आहे, सकाळी व दुपारी पाण्याच्या उष्णतामानात किती फरक पडतो, हे टिपून ठेवा. अशी पाच-सात पाने भरली, की तीर्थनच्या किंवा नयारच्या काठी पहिल्यांदाच उभे राहिलात, तरी ते पाणी तुम्हांला अगदी परके वाटणार नाही. मासा मिळेल की नाही, हे सांगता येत नाही. परंतु तो कोठे असेल, आणि आपण कोठे उभे राहू नये, या दोन्ही गोष्टी तुम्हांला सांगता येतील.